चार्जर लावलाय, तरी बॅटरी उतरतेय

गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करायला लागून मला २८ वर्षं झाली. सुरुवातीला लाइटरच्या सॉकेटची तक्रार घेऊन कोणी आलं, तर ‘सिगारेट पेटत नाही’ एवढीच ती असायची. आता त्या जागी कधीकाळी लाइटर असायचा हेच कित्येकांना ठाऊक नाही. गेल्या अंकात गाडीच्या बॅटरीबद्दल लिहिलं, त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं मोबाइलच्या चार्जिंगची निघाली. तेव्हा या वेळचं सदर त्यांच्यासाठीच.

प्रश्न : ताई, आम्ही नुकताच चार तासांचा प्रवास केला. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी बसून माझ्या फोनवर रस्ता दाखवत होते. फोन पूर्ण वेळ गाडीच्याच यूएसबीला लावलेला होता आणि चार्जिंगचं चिन्हही दिसत होतं. निघताना ६२ टक्के होते, पोचलो तेव्हा ४१. फोन बिघडलाय की गाडी? फोनची बॅटरी ५००० एमएएचची आहे.
— नकाशा सांभाळणारी एक वाचक

उत्तर : दोन्ही ठणठणीत आहेत. आणि आकडे लिहून ठेवल्याबद्दल तुमचं कौतुक. ‘ताई, चार्जच होत नाही हो’ एवढंच लिहिणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं हा मला नेहमी प्रश्न पडतो. तुमच्या दोन आकड्यांवरून मात्र सगळा हिशेब मांडता येतो.

५००० एमएएचच्या फोनमध्ये साधारण १९ वॅट-अवर ऊर्जा मावते (एक वॅट तासभर वापरला की एक वॅट-अवर). त्यातले २१ टक्के गेले, म्हणजे ४ वॅट-अवर. तेही चार तासांत. याचा अर्थ फोन जेवढं खात होता, त्यापेक्षा त्याला सतत एक वॅट कमी मिळत होता. बस, एवढीच तूट.

आता ही तूट आली कुठून? डॅशबोर्डवरचं यूएसबीचं तोंड बऱ्याच गाड्यांत मुळात चार्जिंगसाठी दिलेलंच नसतं. ते असतं पेनड्राइव्हवरची गाणी वाजवायला, फार तर फोन गाडीच्या स्क्रीनला जोडायला. साध्या यूएसबी २.० च्या तोंडातून नियमाप्रमाणे ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर मिळतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, तेव्हा ५ गुणिले ०.५ म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३.० असेल तर ०.९ अँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. काही गाड्यांत दीड अँपिअर देणारं तोंड असतं, तिथे साडेसात वॅट मिळतात. तुमचा फोन मात्र त्या वेळी उन्हात दिसावी म्हणून स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून होता, जीपीएस चालू, इंटरनेट चालू, वर नकाशाचं बोलणंही चालू. एवढं सगळं करताना फोन तीन, चार, कधी पाच वॅटही सहज खातो. वरून अडीच वॅटची बारीक धार आणि खाली नळ उघडा. चार्जिंगचं चिन्ह खोटं बोलत नव्हतं, धार चालूच होती. ती पुरत नव्हती, एवढंच त्या चिन्हाला सांगता येत नाही.

उपाय त्याच डॅशबोर्डवर, हातभर अंतरावर आहे: लाइटरचं १२ व्होल्टचं सॉकेट. त्याला बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपिअरचा फ्यूज असतो. अगदी १० धरला तरी १२ गुणिले १०, म्हणजे १२० वॅट. इंजिन चालू असताना तिथे १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो, म्हणजे त्याहूनही थोडं जास्तच. तेव्हा सॉकेटला दरिद्री म्हणू नका. दरिद्री असतो तो त्यात खुपसलेला चार्जर. सात-आठ वर्षांपूर्वी कुठल्याशा वस्तूबरोबर फुकट आलेला, एक अँपिअरचा, निळा दिवा लावून ऐटीत बसणारा. तो देतो ५ वॅट. नकाशा चालू असताना तेवढ्यात टक्के जेमतेम जागच्या जागी राहतात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर १५ वॅटच्या पुढे गेलात की नकाशा चालवूनही बॅटरी चढायला लागेल. १८ ते २० वॅटमध्ये काम छान भागतं. नवा घेणारच असाल, तर सी तोंडाचा (यूएसबी-सी, उलटसुलट कसंही बसणारं छोटं तोंड) ३० वॅटचा घ्या, आणि त्यावर पीडी आणि पीपीएस ही दोन्ही अक्षरं आहेत ना बघा. ती अक्षरं का, ते पुढच्या पत्राच्या उत्तरात येतंय. त्याहून मोठा कशाला? बहुतेक फोन तेवढं घेतच नाहीत. आणि फोन गाडीच्या स्क्रीनला वायरीने जोडायचा असेल, तर तो यूएसबीच्याच तोंडाला लावावा लागणार. त्या वेळी फोनच्या स्क्रीनचा उजेड कमी करा, तेवढ्याने अर्धा-एक वॅट वाचतो. तुमची तूटही तेवढीच होती.

प्रश्न : माझ्या फोनच्या खोक्यावर ६६ वॅट लिहिलंय. घरचा चार्जर पाऊण तासाच्या आत फोन भरतो. गाडीसाठी मुद्दाम ६५ वॅटचा चार्जर घेतला, तर फोनवर नुसतं ‘चार्जिंग’ येतं, ‘फास्ट’ वगैरे काही नाही. दीड तासातही पूर्ण भरत नाही. मला फसवलं का?
— एका वॅटने कमी घेतला म्हणून घरच्यांची बोलणी खाणारा

उत्तर : घरच्यांना सांगा, त्या एका वॅटचा यात काडीचाही संबंध नाही. आणि फसवलं असंही म्हणवत नाही. तुमचा चार्जर आणि तुमचा फोन एकमेकांशी वेगवेगळ्या भाषांत बोलतायत, एवढंच झालंय.

चार्जर फोनमध्ये वीज ढकलत नाही. फोन मागतो आणि चार्जर देतो. वायर लागली की आधी दोघांची बोलणी होतात. चार्जर म्हणतो, ‘माझ्याकडे ५ व्होल्ट आहेत, ९ आहेत, १५ आहेत, २० आहेत.’ फोन त्यातलं आपल्याला चालणारं निवडतो. ही बोलणी ज्या नियमांनी होतात, त्यांत आज सगळ्यात पसरलेला नियम म्हणजे पीडी, पॉवर डिलिव्हरी. २०१२ पासून तो आहे. २०१७ च्या सुमारास त्यात पीपीएस, प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लाय, आलं. पीपीएसमध्ये फोन ठरावीक पायऱ्यांवर अडत नाही. ‘मला ८.४ द्या, आता ८.६ द्या’ असं २० मिलिव्होल्टच्या टप्प्यांनी मागत जातो. त्यामुळे फोनच्या आत व्होल्ट उतरवताना वाया जाणारी उष्णता कमी होते. सॅमसंगचे २५ वॅटवाले फोन पीपीएसशिवाय पूर्ण वेग घेतच नाहीत. क्वालकॉमचं क्विक चार्ज ही दुसरी बोली, जुन्या अँड्रॉइड फोनांत फार चालायची. आणि तिसरा प्रकार म्हणजे कंपनीची स्वतःची बोली. ओप्पोचं व्हूक हे त्यातलं गाजलेलं. तिथे चार्जर कंपनीचा लागतो आणि पुष्कळदा वायरही कंपनीचीच लागते. दुसरा कुठलाही चार्जर लावला, की फोन आपली खास बोली गुंडाळून ठेवतो आणि जे दोघांना कळेल त्यावर येतो. कधी ते १८ वॅट असतं, कधी १०. किती, ते मॉडेलवर.

तुमच्या ६६ वॅटला याच तिसऱ्या प्रकाराचा वास येतोय. घरच्या चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. तिथे ‘११ व्होल्ट ६ अँपिअर’ किंवा त्यासारखं काही विचित्र असेल, तर समजा कंपनीची बोली.

आता ६५ चा उलगडा. हा आकडा जवळपास नेहमी २० व्होल्टवरचा असतो: २० गुणिले ३.२५. तो लॅपटॉपसाठी. फोन साधारणपणे २० व्होल्ट मागत नाही, तो ९ वर थांबतो. त्या चार्जरवर ‘९ व्होल्ट ३ अँपिअर’ लिहिलं असेल, तर फोनला त्यातून जास्तीत जास्त २७ वॅट मिळणार. खोक्यावर ६५ लिहा नाहीतर १००, फोनला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते: खोक्याच्या पुढच्या बाजूचा मोठा आकडा वाचूच नका. चार्जर उलटा करा, भिंग घ्या आणि ‘आउटपुट’ शब्दापुढची रांग वाचा. ९ व्होल्टपुढे किती अँपिअर आहेत? पीपीएस असेल तर ‘३.३ ते ११ व्होल्ट’ अशी पट्टी दिलेली असते, ती आहे का? ती रांगच छापलेली नसेल, तर चार्जर परत ठेवा. मी तरी ठेवते.

माझ्या टेबलावर एक बोटभर यूएसबी मीटर आहे. चार्जर आणि वायर यांच्यामध्ये तो बसवला, की किती व्होल्ट, किती अँपिअर जातायत ते दिसतं. एकाने असाच छाती फुगवलेला चार्जर आणला होता. सोनेरी अक्षरं, भलामोठा आकडा. मीटरने दाखवलं ५ व्होल्ट, १.९ अँपिअर. साडेनऊ वॅट. आत उघडून पाहिलं तर बोलणी करणारी चिपच नव्हती. तो बिचारा एकच शब्द जाणत होता, पाच.

तुम्हाला तेवढाच वेग गाडीतही हवा असेल, तर फोनच्या कंपनीचाच कार चार्जर आणि तिचीच वायर, हाच सरळ मार्ग. पण खरंच हवा आहे का, ते एकदा बघा. तासाभराच्या रस्त्यात २० वॅटनेही अर्ध्याहून जास्त बॅटरी भरते. पुढच्या फोनच्या वेळी मात्र ही डोकेदुखी कमी असेल. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांना सी तोंड सक्तीचं केलं, आणि वेगाने चार्ज होणाऱ्या फोनांना पीडीही समजलंच पाहिजे असा नियम केला. तिथल्यासाठी वेगळा आणि बाकी जगासाठी वेगळा फोन बनवत बसणं कंपन्यांनाही परवडत नाही.

प्रश्न : एकच चार्जर, एकच फोन. काळ्या वायरीने ‘फास्ट’ दाखवतो, पांढरीने नाही. पांढरी लांब आहे, मागच्या सीटपर्यंत पोचते, म्हणून मला तीच वापरायची आहे. रंगाचा काही संबंध?

उत्तर : रंगाचा नाही, आतल्या तांब्याचा आहे. वायरींबद्दल लोक फार बेफिकीर असतात. चार्जर निवडायला आठवडा घालवतील आणि वायर मात्र खणातली, गाठ पडलेली.

वायरीच्या सालीवर बारीक अक्षरांत कधी कधी ‘२८ एडब्ल्यूजी’, ‘२४ एडब्ल्यूजी’ असा तारेच्या जाडीचा नंबर छापलेला असतो. आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. उलटं आहे, पण तसंच आहे. २८ नंबरच्या तारेचा एका मीटरचा रोध साधारण ०.२१ ओहम. वीज जाते आणि परतही येते, म्हणजे दुप्पट, ०.४२. त्यातून २ अँपिअर नेले की वाटेतच ०.८ व्होल्टहून जास्त गळतात. चार्जरकडून निघाले ५, फोनला पोचले ४.१५ च्या आसपास. फोन म्हणतो, इथे काहीतरी अशक्त आहे, आणि मागणी कमी करतो. तुमची पांढरी दोन मीटरची असेल, तर ही गळती दुप्पट. हीच तार २४ नंबरची असती, तर एका मीटरला गळती ०.३४ व्होल्टवर आली असती. ९ व्होल्टवर चार्जिंग होत असेल, तर तेवढ्याच वॅटसाठी अँपिअर कमी लागतात आणि वायर थोडी माफ करते. पण त्यासाठी आधी बोलणी व्हायला हवीत, आणि स्वस्तातल्या काही वायरींत बोलणी नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. लाल आणि काळी दोनच तारा. अशा वायरीने फोन गाडीच्या स्क्रीनलाही जोडला जात नाही. तुमची पांढरी त्यातली आहे का, हे तपासायची सोपी युक्ती: ती वायर घेऊन फोन कॉम्प्युटरला लावा. फोटो दिसले तर तारा आहेत.

नवी घेताना सी-टू-सी घ्या. चपट्या जुन्या तोंडाच्या (यूएसबी-ए) वायरीतून पीडी मिळत नाही. फोन आयफोन ८ ते १४ मधला असेल, तर सी-टू-लाइटनिंग. साधी सी-टू-सी वायर ३ अँपिअरपर्यंतची असते, तेवढी पुरे. ४५ वॅट घेणारा सॅमसंग असेल तर मात्र ५ अँपिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली वायर लागते. आणि मागच्या सीटसाठी दोन मीटरची हवीच असेल, तर ती जाड आणि थोडी ताठ असणार. मऊ, सुतासारखी वळणारी दोन मीटरची वायर दिसली, की मला तिच्यातलं तांबं आधीच दिसतं.

प्रश्न : आम्ही पाच जण, फोन पाच. एका चार्जरला तीन तोंडं आहेत, आणि लाइटरचं सॉकेट तीन ठिकाणी वाटणारा एक डबाही आहे. त्यावर टायरमध्ये हवा भरायचा पंपही लावतो. एकदा फ्यूज उडाला. भाच्याने तिथे मोठा फ्यूज टाकून दिला, तेव्हापासून उडत नाही. ठीक आहे ना?
— पाच फोनांचा मालक

उत्तर : ठीक नाही. हे पत्र वाचलंत की आधी जाऊन तो फ्यूज काढा, बाकीचं उत्तर नंतर वाचा.

काढलात? आता सांगते. फ्यूज हा सॉकेटसाठी नसतो, त्याच्यामागे डॅशबोर्डच्या आतून गेलेल्या वायरीसाठी असतो. ती वायर १५ अँपिअर झेपेल अशी घातलेली असेल, तर फ्यूज १५ चा. तिथे ३० चा टाकलात की वायर तापेल, साल वितळेल, तरी फ्यूज गप्प बसेल. फ्यूज उडत नाही याचा अर्थ तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केलंय. माझ्याकडे एक गाडी आली होती, फ्यूजच्या जागी चॉकलेटची चांदी गुंडाळलेली. सॉकेटचं प्लास्टिक मेणबत्तीसारखं ओघळलं होतं आणि आतली स्प्रिंग निळी पडली होती. मालक म्हणाले, ‘थोडा वास यायचा खरा.’ डॅशबोर्ड अर्धा उतरवून मला हातभर वायर बदलावी लागली. नशीब, की तेवढ्यावर भागलं.

तुमचा फ्यूज उडवणारा गुन्हेगार बहुधा पंप आहे, फोन नाहीत. छोटे पंप १० अँपिअर आणि काही त्याहूनही जास्त ओढतात. पाच फोन प्रत्येकी १५ वॅट घेत असतील तरी ७५ वॅट. १४ व्होल्टवर ते साडेपाच अँपिअरच्या आसपास, चार्जरमध्ये वाया जाणारं धरून सहा. दोन्ही एकदम लावले की १६. १५ च्या फ्यूजला ते जास्तच, पंप त्याहून जास्त ओढत असेल तर तो उडणारच, आणि त्याने बरोबर केलं. पंप चालवताना बाकी सगळं काढून ठेवा. पंपावर किती अँपिअर लिहिलंय तेही बघा, काही पंप थेट बॅटरीलाच चिमट्यांनी जोडायचे असतात.

तीन तोंडांच्या चार्जरचं गणित वेगळं. त्यावर लिहिलेला आकडा एकूण असतो. ‘४८ वॅट’ म्हणजे सी तोंडाला ३० आणि चपट्याला १८, असं मिळून ४८. काही चार्जर तर त्याहून लबाड. एकच फोन लावला तर पूर्ण वेग, दुसरा लावला की दोघांनाही ५ व्होल्टवर आणून बसवतात आणि १५ वॅट त्यांच्यात वाटतात. हेही मागच्या बारीक अक्षरांत असतं: ‘सी अधिक ए’ अशी जोडीची रांग शोधा. ती नसेल, तर वाईटात वाईट धरून चला. पाचही फोन एकाच वेळी वेगात भरायची गरज नसते. रस्ता दाखवणाऱ्या फोनला सी तोंड एकट्याला द्या, बाकीचे आलटून पालटून. भांडणं होतील, पण फ्यूज उडणार नाही.

तो तीन सॉकेटांचा डबा सैल बसतो का, तेही बघा. सॉकेटमधला संपर्क सगळा स्प्रिंगच्या जोरावर असतो. ते मुळात लाइटर तापवायला केलेलं, तासन् तास प्रवाह न्यायला नाही. खड्ड्यागणिक दिवा लुकलुकत असेल, तर तिथे ठिणग्या पडतायत आणि ते टोक तापतंय. प्रवासानंतर हात लावून बघा. कोमट चालतं, चटका नाही.

प्रश्न : काचेला चिकटवायचा वायरलेस स्टँड घेतला, १५ वॅटचा. दुपारी फोन तापतो, चार्जिंग थांबतं, कधी कधी स्क्रीनही अंधुक होते. स्टँड बदलू का?

उत्तर : आधी जागा बदला.

वायरलेसमध्ये गुंडाळीतून गुंडाळीत ऊर्जा जाताना चांगलाच भाग उष्णता होऊन जातो, आणि ती उष्णता होते फोनच्या पाठीवर, म्हणजे बरोब्बर बॅटरीच्या अंगाला. त्यात काचेमागचं ऊन, त्यात नकाशा, त्यात जाड कव्हर. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या पुढे चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. फोन तो आपणहून पाळतो: आधी वेग कमी करतो, मग थांबतो, स्क्रीन मंद करतो. तो तुमची बॅटरी वाचवतोय. अॅपल तर आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा असंच सांगतं, आणि बंद गाडी उन्हात तेवढ्यावर कधीच राहत नाही.

एसीच्या झडपेवर बसणारा स्टँड घ्या, गार हवा फोनच्या पाठीला लागू द्या. थंडीत हीटर लावलात की तिथून काढा, नाहीतर उलटाच प्रकार. कव्हर काढता आलं तर उत्तम. स्टँड बदलायचाच झाला, तर क्यूआय-२ चा, म्हणजे २०२३ मध्ये आलेल्या वायरलेस चार्जिंगच्या नव्या नियमाचा घ्या, फोनही त्याचा असेल तर. त्यात चुंबकाने फोन नेमक्या जागी बसतो. गुंडाळ्या समोरासमोर आल्या की वाया जाणं कमी होतं. आणि त्या स्टँडला वीज कोण देतंय? गाडीच्या अडीच वॅटच्या तोंडाला लावून १५ वॅट मागू नका. त्यामागे २० वॅटचा पीडी चार्जर तरी हवा.

मला विचाराल तर लांबच्या प्रवासात मी वायरच लावते. वायरलेस गावातल्या गावात, चढ-उतार करताना बरं.

प्रश्न : मी ट्रक चालवतो. कारमधला चार्जर ट्रकला लावला आणि फुस्स झाला.

उत्तर : दादा, ट्रकला २४ व्होल्ट असतात, इंजिन चालू असताना २८ च्या घरात. चार्जरवर ‘इनपुट १२-२४ व्होल्ट’ लिहिलेलं पाहिजे, आणि ३० किंवा ३२ पर्यंतचा मिळाला तर सोन्याहून पिवळं. नुसतं ‘१२’ लिहिलेला परत लावू नका.

प्रश्न : चार्जर लावला की रेडिओवर खरखर येते. काढला की बंद. रेडिओ दुरुस्त करू?

उत्तर : रेडिओला हात लावू नका. चार्जर १२ चे ५ किंवा ९ व्होल्ट करतो तो सेकंदाला लाखो वेळा वीज चालू-बंद करून. चांगल्या चार्जरात त्याचा गोंगाट गाळणारे भाग असतात, स्वस्तातल्यात तेच पहिले वगळतात. ही खरखर म्हणजे आत काय काय घातलेलं नाही त्याची यादी आहे. मला तर चार्जर तपासायची ही फुकटातली चाचणी वाटते: लावा, एफएमवर एखादं अशक्त स्टेशन धरा आणि ऐका.

प्रश्न : माझ्याकडे १२ व्होल्टचा इन्व्हर्टर आहे. त्यात घरचा ६६ वॅटचा चार्जर लावला तर? (वर ज्यांनी विचारलंय तसाच माझाही फोन आहे.)

उत्तर : चालेल. १२ चे २३०, आणि २३० चे परत ११, असा द्राविडी प्राणायाम. दोन्ही वळणांवर वीज वाया जाते, पंखा घूं घूं करतो, पण कंपनीची बोली बोलणारा चार्जर हाताशी असतो हे खरं. इन्व्हर्टर किमान १५० वॅटचा असू द्या आणि तो सीटखाली कोंबू नका, त्याला हवा लागते.

प्रश्न : ताई, आमचे शेजारी म्हणतात, गाडी बंद केली की चार्जर सॉकेटमधून काढलाच पाहिजे, नाहीतर बॅटरी उतरते. आणि स्टार्टर मारतानाही लावलेला नसावा. मी दोन्ही पाळतो, तरी माझी गाडी सकाळी खर्र खर्र करून उशिरा चालू होते.
— नियम पाळणारा

उत्तर : शेजाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. काही गाड्यांत किल्ली काढली की सॉकेट मरतं, काहींत जिवंत राहतं. गाडी बंद करून, दारं लावून पाच-दहा मिनिटांनी काचेतून बघा, चार्जरचा दिवा लागलेला आहे का. लागलेला नसेल तर विषय संपला. असेल, तरी रिकामा चार्जर २० मिलिअँपिअर खातो असं धरू. २४ तासांत ०.४८ अँपिअर-अवर. ४५ अँपिअर-अवरची धडधाकट बॅटरी दहा दिवसांत पाचसुद्धा गमावत नाही. महिनाभर गाडी उभी ठेवणार असाल तर जरूर काढा. फोन लावून गाडी बंद ठेवलीत तर मात्र हिशेब निराळा: २० वॅट म्हणजे सॉकेटमधून पावणेदोन-दोन अँपिअर. तीन तास तेवढं सतत ओढलं गेलं की सहा अँपिअर-अवर गेले. लॅपटॉप लावलात तर त्याच्या तिप्पट.

स्टार्टर मारताना बॅटरीचा दाब १० व्होल्टपर्यंत, कधी त्याखालीही पडतो, आणि इंजिन पकडलं की १४ वर उसळी घेतो. चांगला चार्जर हे सोसतो, बऱ्याच गाड्या त्या क्षणापुरतं सॉकेट तोडतातही. चार्जरच्या जातीची खात्री नसेल, तर आधी गाडी चालू करून मग फोन लावायची सवय चांगलीच. पण ती फोनसाठी. गाडीच्या खर्र खर्रशी तिचा संबंध नाही.

ती खर्र खर्र बहुधा बॅटरीची आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साठलीय का बघा, गरम पाण्याने आणि ब्रशने साफ करा, नट आवळा. मग गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीला मीटर लावा. लगेच संध्याकाळी लावू नका, नुकती चाललेली गाडी आकडा फुगवून दाखवते. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, स्टार्टर तपासून घ्या. १२.२ किंवा त्याखाली असेल तर ती अर्धीच भरतेय. बॅटरी किती वर्षांची झाली आणि इंजिन चालू असताना मीटर किती दाखवतो, एवढं लिहून कळवा.